फोकल रिड्यूसर: डब्यावरचा आकडा खरा करून घेण्यासाठी

दुर्बीण घेतली, कॅमेरा जोडला, चंद्राचे फोटो झाले. मग कुणीतरी सांगतं, "रिड्यूसर लाव, फ्रेम मोठी होईल आणि एक्स्पोजरही कमी लागेल." रिड्यूसर म्हणजे दुर्बीण आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवायचं, चित्र आकसवणारं भिंग. त्याच्याबद्दलच्या या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पण रिड्यूसरवर छापलेला ०.६३ किंवा ०.८ हा आकडा (चित्र किती पटीत आकसतं ते) सेन्सर एका ठरावीक अंतरावर असतानाच खरा ठरतो. ते अंतर चुकलं की कोपऱ्यातले तारे लांबतात, कडा काळवंडतात, नाहीतर फोकसच लागत नाही. म्हणून खरेदीच्या आधी कागदावर गणित मांडायचं, मग पैसे मोजायचे. त्याच क्रमाने पुढे लिहितो आहे.

जवळ काय काय हवं:

- दुर्बिणीचा व्यास आणि नाभीय अंतर (बहुतेक वेळा नळीवरच्या पट्टीवर छापलेलं असतं)
- कॅमेऱ्याच्या सेन्सरची लांबी-रुंदी आणि पिक्सेलचा आकार
- रिड्यूसरचं माहितीपत्रक. त्यातला बॅकफोकसचा (रिड्यूसरपासून सेन्सरपर्यंत हव्या असलेल्या अंतराचा) आकडा सगळ्यात महत्त्वाचा
- व्हर्नियर कॅलिपर. साधा प्लॅस्टिकचाही चालेल, पण हवाच
- टी-रिंग (कॅमेरा दुर्बिणीला जोडणारं कडं), लागतील ते स्पेसर (अंतर वाढवणारी कडी), आणि अर्धा-एक मिलिमीटरच्या पातळ चकत्या
- बाहतिनोव्ह मास्क (फोकस तपासायला दुर्बिणीच्या तोंडावर लावायची खाचांची चकती)
- प्लेट सॉल्व्हिंग करणारं (फोटोतले तारे ओळखून त्याचं माप सांगणारं) एखादं सॉफ्टवेअर

१. आधी ठरवा, तुम्हाला तो हवा आहे का

रिड्यूसर म्हणजे फोकसकडे निमुळत्या होत जाणाऱ्या प्रकाशाच्या शंकूत, सेन्सरच्या थोडं अलीकडे बसवायचा बहिर्गोल भिंगांचा संच. तो शंकू आणखी लवकर मिटवतो, त्यामुळे परिणामी नाभीय अंतर कमी होतं आणि आकाशाचा मोठा तुकडा त्याच सेन्सरवर मावतो. किती मोठा, ते या सूत्राने काढा:

चित्रक्षेत्र (अंशांत) = ५७.३ × सेन्सरची बाजू ÷ नाभीय अंतर (दोन्ही मिलिमीटरमध्ये)

८ इंची, एफ/१० (नाभीय अंतर व्यासाच्या दहा पट) श्मिट-कॅसिग्रेन (आरसे आणि तोंडाशी पातळ भिंग असलेली आखूड दुर्बीण) घेऊ. नाभीय अंतर २०३२ मिमी. एपीएस-सी सेन्सर २३.५ × १५.७ मिमीचा. उत्तर येतं ०.६६ × ०.४४ अंश. चंद्र साधारण अर्ध्या अंशाचा, म्हणजे आडव्या बाजूत बसतो आणि उभ्या बाजूत कापला जातो. ०.६३ पटीचा रिड्यूसर लावला की नाभीय अंतर १२८० मिमी होतं आणि चित्रक्षेत्र १.०५ × ०.७० अंश. चंद्र आरामात बसला, मृगातल्या तेजोमेघाचा तेजस्वी भागही बसला.

पण देवयानी दीर्घिका आडवी ३ अंशांची आहे. ती या दुर्बिणीत रिड्यूसर लावूनही मावणार नाही. तिच्यासाठी आखूड नाभीय अंतराची छोटी दुर्बीण किंवा चांगली टेलिफोटो लेन्सच हवी. उलट व्हर्लपूल दीर्घिका (एम५१) जेमतेम ११ कलांची (एक कला म्हणजे अंशाचा साठावा भाग), आणि शौरीतला गोलाकार गुच्छ (एम१३) २० कलांच्या आसपास. या दोन्हींना रिड्यूसरविना भरपूर जागा आहे. तुमच्या यादीतल्या पाच-सहा लक्ष्यांचे आकार काढून हा हिशेब करा. अर्ध्याहून अधिक लक्ष्यं आधीच मावत असतील तर रिड्यूसरची घाई नको.

२. "वेगवान" या शब्दाने फसू नका

एफ/१० वरून एफ/६.३ ला आलात की प्रत्येक पिक्सेलवर पडणारा प्रकाश अडीच पट होतो, कारण (१० ÷ ६.३) चा वर्ग सुमारे २.५ येतो. ०.८ पटीच्या रिड्यूसरने तो १.५६ पट होतो, ०.५ ने चौपट. जाहिरातीत हेच ठळक लिहिलेलं असतं.

त्यात न लिहिलेली गोष्ट अशी की दुर्बिणीचं तोंड तेवढंच राहतं. एम५१ कडून येणारे फोटॉन रिड्यूसरने वाढत नाहीत, ते कमी पिक्सेलमध्ये गोळा होतात एवढंच. तारीख-वेळ तीच, दीर्घिका तीच, फक्त ती चित्रात लहान दिसते आणि म्हणून लवकर उजळते.

याचं मोजमाप करायचं तर हे सूत्र: एका पिक्सेलमध्ये किती विकला (विकला म्हणजे कलेचा साठावा भाग) = २०६.२६५ × पिक्सेल (मायक्रॉन) ÷ नाभीय अंतर (मिमी). ३.७६ मायक्रॉनचा पिक्सेल आणि २०३२ मिमी असेल तर ०.३८ विकला. रिड्यूसर लावून ०.६१. हवेच्या हलण्याने ताऱ्याचा ठिपका बहुतेक रात्री दोन ते चार विकलांइतका पसरतोच, त्यामुळे ०.३८ ची बारकाई तशीही वाया जात असते. रिड्यूसरने इथे तुमचं काही बिघडत नाही. मात्र लहान लक्ष्यासाठी फक्त "लवकर उजळावं" एवढाच हेतू असेल, तर २×२ बिनिंग (चार पिक्सेल मिळून एक धरणं) करूनही जवळपास तेच साधतं, तेही फुकट. माझ्या मते रिड्यूसरचं खरं काम चित्रक्षेत्र वाढवणं हे आहे, वेग हा वर मिळालेला फायदा.

एक सूचना: उजळ आकाशाखाली पार्श्वभूमीही त्याच अडीच पटीने लवकर चढते. जुन्या सेटिंगवर पाच मिनिटांची फ्रेम घेत असाल तर रिड्यूसर लावल्यावर हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून ती कमी करा.

३. दुर्बिणीला साजेसा रिड्यूसर निवडा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. एका दुर्बिणीचा रिड्यूसर दुसरीला चूड्यांमध्ये (आट्यांमध्ये) बसला म्हणजे प्रकाशालाही जुळला असं होत नाही.

साधी श्मिट-कॅसिग्रेन (एफ/१०): ०.६३ पटीचा रिड्यूसर-करेक्टर. हा नाभीय अंतर कमी करतोच, शिवाय या दुर्बिणीतली क्षेत्राची वक्रता (मध्य आणि कडा एकाच वेळी फोकसला न येणं) आणि कोमाही (कडेच्या ताऱ्यांना शेपटी फुटणं) बराच सुधारतो.

एज एचडीसारख्या दुर्बिणी: यांच्या नळीत करेक्टर भिंगं आधीच बसवलेली असतात. वरचा ०.६३ वाला इथे लावला तर दुरुस्तीवर पुन्हा दुरुस्ती होते आणि कडेचे तारे उलट बिघडतात. यांच्यासाठी वेगळा ०.७ पटीचा रिड्यूसर येतो, आणि तोही त्या-त्या व्यासासाठी स्वतंत्र.

दोन किंवा तीन भिंगांचा अपवर्तक: ०.८ पटीच्या आसपासचा रिड्यूसर-फ्लॅटनर (फ्लॅटनर म्हणजे क्षेत्र सपाट करणारं भिंग). शक्यतो त्याच दुर्बिणीसाठी बनवलेला घ्या. "सर्व अपवर्तकांसाठी" म्हणून विकले जाणारेही चालतात, पण अंतराची चाचणी तुम्हालाच करावी लागते. पेट्झव्हल रचनेच्या दुर्बिणीचं क्षेत्र मुळातच सपाट असतं, तिला सर्वसाधारण फ्लॅटनर लावू नका.

न्यूटोनियन (मुख्य आरसा मागे आणि फोकसर बाजूला असलेली दुर्बीण): इथे साधा रिड्यूसर बहुधा फोकसलाच येत नाही. का ते पाचव्या पायरीत. कोमा करेक्टर आणि रिड्यूसर एकत्र असलेलं भिंग या दुर्बिणींसाठी मिळतं, तेच बघा. कोमा करेक्टर घेताना त्याचा गुणकही वाचा. काही करेक्टर नाभीय अंतर उलट वाढवतात.

मॅकसुटोव्ह: एफ/१२ ते एफ/१५, आणि आतली बॅफल नळी (भटका प्रकाश अडवणारी) अरुंद. रिड्यूसर लावता येतो, पण कडा लवकर काळ्या पडतात. छोटा सेन्सर असेल तरच विचार करा.

सव्वा इंची फिल्टरच्या चूड्यांत बसणारे ०.५ पटीचे स्वस्त रिड्यूसर सगळीकडे दिसतात. ते वाईट नाहीत, पण लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यासाठी आहेत. एपीएस-सी समोर ते लावलेत तर मध्यभागी एक उजळ गोल आणि चारी बाजूंना अंधार मिळेल. आणि हो, दोन रिड्यूसर एकामागे एक लावण्याची कल्पना प्रत्येकालाच कधी ना कधी सुचते. सोडून द्या.

४. प्रकाशाचं वर्तुळ सेन्सरपेक्षा मोठं आहे ना?

रिड्यूसर आकाशाबरोबर प्रकाशाचं वर्तुळही आकसतो. ८ इंची श्मिट-कॅसिग्रेनच्या मागच्या बॅफलचं तोंड सुमारे ३७ मिमी. ते ०.६३ ने गुणलं की साधारण २३ मिमी. सेन्सरचा कर्ण याच्याशी ताडून बघा: मायक्रो फोर थर्ड्सचा २१.६ मिमी, एपीएस-सीचा २८ च्या आसपास, फुल फ्रेमचा ४३.३.

म्हणजे मायक्रो फोर थर्ड्स नीट बसतो. एपीएस-सीचे कोपरे मंद होतील, पण फ्लॅट फ्रेमने (एकसारख्या उजळ पृष्ठभागाच्या, दुरुस्तीसाठी घेतलेल्या फोटोने) सावरता येतील. फुल फ्रेमसाठी हा जोड नाहीच. मोठा सेन्सर घेतला की मोठं आकाश मिळतं हे रिड्यूसरच्या मागे प्रत्येक वेळी लागू होत नाही.

५. अंतर जुळवा

या पायरीवर वेळ घालवा. बाकी सगळं नंतर दुरुस्त होतं.

साध्या रिड्यूसरचा गुणक असा ठरतो: गुणक = १ − (रिड्यूसर ते सेन्सर अंतर ÷ रिड्यूसरचं स्वतःचं नाभीय अंतर). रिड्यूसरचं नाभीय अंतर १०० मिमी असेल तर सेन्सर ५० मिमीवर ठेवल्यास ०.५ पट, ३७ मिमीवर ठेवल्यास ०.६३ पट. भिंग तेच, आकडा वेगळा. सेन्सर लांब नेला की आकुंचन वाढतं, जवळ आणला की कमी होतं. ज्या रिड्यूसरमध्ये दुरुस्तीची भिंगंही असतात त्यांची दुरुस्ती नेमून दिलेल्या अंतरावरच नीट होते, म्हणून तिथे एक मिलिमीटरही बघावा लागतो.

हे अंतर बहुधा रिड्यूसरच्या मागच्या चूड्यांच्या कडेपासून सेन्सरच्या पृष्ठभागापर्यंत मोजतात. भिंगाच्या काचेपासून नाही. माहितीपत्रकातली आकृती बघून खात्री करा.

०.६३ च्या श्मिट-कॅसिग्रेन रिड्यूसरसाठी हे अंतर १०५ मिमी, अपवर्तकांच्या बहुतेक फ्लॅटनरसाठी ५५ मिमी. हा ५५ कुठून आला? डीएसएलआरमध्ये लेन्स बसण्याच्या कडेपासून सेन्सरपर्यंतचं अंतर ठरलेलं असतं: कॅननच्या ईएफ माउंटचं ४४ मिमी, निकॉनच्या एफ माउंटचं ४६.५. टी-रिंगची जाडी त्यानुसार अशी ठेवतात की बेरीज ५५ यावी. श्मिट-कॅसिग्रेनचा ५० मिमीचा टी-अडॅप्टर त्यात मिळवला की १०५.

मिररलेस कॅमेऱ्यात आरसा नसल्याने हे अंतर खूप कमी असतं. सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६. टी-रिंग त्याच माउंटसाठी बनवलेली आणि लांब असेल तर बेरीज पुन्हा ५५ च येते. काही टी-रिंग मात्र आखूड असतात, म्हणून कॅलिपरने मोजा.

खगोल कॅमेऱ्यात बेरीज स्वतः करायची. एक उदाहरण:

- कॅमेऱ्याच्या तोंडापासून सेन्सरपर्यंत १७.५ मिमी
- फिल्टर व्हील २० मिमी
- ऑफ-ॲक्सिस गायडर (कडेचा थोडा प्रकाश ट्रॅकिंग सांभाळणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याकडे वळवणारा जोड) १७.५ मिमी
- एकूण ५५ मिमी

इथे थांबू नका. प्रकाशाच्या वाटेत काच आली की फोकस काचेच्या जाडीच्या सुमारे एक तृतीयांशाने मागे सरकतो. फिल्टर ३ मिमीचा असेल तर १ मिमी वाढवा, म्हणजे अंतर ५६ ठेवा. २ मिमीचा असेल तर ०.७ च्या आसपास. त्या पातळ चकत्या यासाठीच.

आता न्यूटोनियनचा प्रश्न. रिड्यूसर लावला की फोकस आत सरकतो, किती ते असं निघतं: अंतर × (१ − गुणक) ÷ गुणक. ५० मिमी अंतर आणि ०.५ पट असेल तर पूर्ण ५० मिमी. फोकसर एवढा आत जायला हवा, आणि बहुतेक न्यूटोनियनमध्ये तेवढी जागा नसते. श्मिट-कॅसिग्रेनमध्ये मुख्य आरसाच पुढेमागे होत असल्याने हा अडसर सहसा येत नाही, बटण मात्र भरपूर फिरवावं लागतं.

चूड्यांबद्दल दोन गोष्टी. टी-थ्रेड म्हणजे ४२ मिमी व्यास आणि ०.७५ मिमी पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर). जुन्या स्क्रू-माउंट कॅमेरा लेन्सचा व्यासही ४२ मिमीच, पण पिच १ मिमी. हे दोन एकमेकांत अर्धा-एक फेरा जातात आणि अडकतात. जोर लावलात तर दोन्ही चूड्या गेल्या. आणि सेन्सर मोठा असेल तर ४२ ऐवजी ४८ मिमीचे जोड घ्या, नाहीतर जोडाची कडच प्रकाश कापते.

६. दिवसा जोडून बघा

सगळा जोड पहिल्यांदा रात्री अंधारात करू नका. दिवसा, सूर्य पाठीशी ठेवून, लांबच्या एखाद्या टॉवरवर दुर्बीण रोखा. सूर्याच्या आसपासही ती फिरवू नका, रिड्यूसर असो वा नसो.

फोकस लागतो का बघा, आणि लागल्यावर फोकसर अजून किती आत जाऊ शकतो तेही बघा. जमिनीवरची वस्तू ताऱ्यांच्या मानाने जवळ असते, त्यामुळे तिचा फोकस थोडा बाहेर पडतो. टॉवर स्पष्ट दिसताना फोकसर आतल्या टोकाला टेकलेला असेल, तर रात्री तारे फोकसला येणार नाहीत.

सगळे जोड घट्ट आहेत ना, कॅमेरा स्वतःच्या वजनाने खाली झुकत नाही ना, हे हाताने हलकेच हलवून तपासा. शक्य तिथे स्क्रूने आवळायच्या नोजपीसऐवजी चूड्यांचे जोड वापरा. वजन मागे वाढल्याने दुर्बिणीचा तोलही पुन्हा साधावा लागतो.

७. पहिली रात्र फक्त तपासणीची

तेजोमेघाच्या मागे लागू नका. ताऱ्यांनी भरलेला, डोक्यावरचा एखादा भाग निवडा, ३० सेकंदांच्या काही फ्रेम घ्या.

फोकस बाहतिनोव्ह मास्कने लावा. एफ/१० च्या मानाने एफ/६.३ ला फोकसचा चालणारा पल्ला अडीच पटीने अरुंद होतो, त्यामुळे पूर्वी "जवळपास ठीक" असलेलं आता ठीक नसतं. तापमान उतरलं की पुन्हा तपासा.

मग फ्रेम शंभर टक्के मोठी करून चारही कोपरे बघा:

- मध्यावरून बाहेर फेकल्यासारखे तारे लांबले असतील तर बहुधा सेन्सर फार जवळ आहे. चकती वाढवा.
- मध्याभोवती फेर धरल्यासारखे लांबले असतील तर बहुधा सेन्सर फार लांब आहे. चकती काढा.
- एकच कोपरा किंवा एकच बाजू बिघडली असेल तर अंतराचा दोष नाही, कुठेतरी तिरकेपणा आहे. कॅमेरा अर्धा फेरा फिरवून पुन्हा फोटो घ्या. बिघाड चित्रात त्याच कोपऱ्यात राहिला तर दोष कॅमेऱ्याकडे, दुसरीकडे गेला तर दुर्बिणीच्या किंवा फोकसरच्या बाजूला.
- सगळे तारे, मध्यावरचेसुद्धा, एकाच दिशेने लांबले असतील तर तो दुर्बिणीच्या माउंटच्या (तिला ताऱ्यांमागे फिरवणाऱ्या बैठकीच्या) ट्रॅकिंगचा प्रश्न आहे. रिड्यूसरला दोष देऊ नका.

एका वेळी एकच बदल, अर्धा मिलिमीटर. प्रत्येक फ्रेमच्या नावात अंतर लिहून ठेवा, नाहीतर सकाळी कुठली कुठली ते कळत नाही.

खरा गुणक किती मिळतोय, हे प्लेट सॉल्व्हिंगने कळतं. सॉफ्टवेअर एका पिक्सेलमध्ये किती विकला आहेत ते सांगतं. समजा ३.७६ मायक्रॉनच्या कॅमेऱ्याला ०.५८ आले. २०६.२६५ × ३.७६ ÷ ०.५८ = १३३७ मिमी. भागिले २०३२, म्हणजे ०.६६. डब्यावर ०.६३ लिहिलंय, म्हणजे सेन्सर थोडा जवळ असण्याची शक्यता. श्मिट-कॅसिग्रेनमध्ये आरसा सरकल्याने मूळ नाभीय अंतरही थोडं बदलतं, म्हणून या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. तारे कोपऱ्यापर्यंत गोल असतील आणि गुणक ०.६६ असेल, तर माझा सल्ला एकच: काही हलवू नका.

८. फ्लॅट फ्रेम टाळू नका

रिड्यूसरविना फ्लॅट न घेता निभावून नेणारे बरेच आहेत. रिड्यूसर लावल्यावर ते जमत नाही, फोटो स्ट्रेच केल्याबरोबर (अंधुक भाग उजळवल्याबरोबर) कडांचा अंधार वर येतो. रात्रीचं काम संपल्यावर कॅमेरा न फिरवता, फोकस न हलवता, तिथेच फ्लॅट घ्या. जोड सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा लावून घेतलेले फ्लॅट जुळत नाहीत.

तेजस्वी ताऱ्याभोवती फिकट मोठं वर्तुळ दिसलं तर ते रिड्यूसर आणि फिल्टर किंवा सेन्सरची काच यांच्यामधलं परावर्तन. फ्लॅटने ते जात नाही. फिल्टर पुढेमागे सरकवून बघा, किंवा तो तारा फ्रेमच्या बाहेर ठेवा.

९. डोळ्याने बघणाऱ्यांसाठी

त्याच ८ इंची दुर्बिणीत ३२ मिमीचा सव्वा इंची प्लॉसल आयपीस लावला तर ६३ पट मोठं दिसतं आणि सुमारे ०.७६ अंश आकाश. रिड्यूसरने तेच ४० पट आणि १.२ अंश. कृत्तिकांचे मुख्य तारे जेमतेम एका नजरेत येतात, ययातीतला जोडगुच्छ मोकळा दिसतो. फरक जाणवण्याइतका आहे.

पण २ इंची डायगोनल (प्रकाश वळवून आयपीसकडे नेणारा आरसा) आणि ४६ मिमी फील्ड स्टॉपचा (दृश्याची कड ठरवणाऱ्या आतल्या कड्याचा) मोठा आयपीस असेल, तर रिड्यूसरविनाच १.३ अंश मिळतात. त्यावर रिड्यूसरही लावला तर बॅफलचं तोंड पुरत नाही, कडेला अंधार येतो, आणि २ इंची डायगोनलची वाट लांब असल्याने आकुंचनही ०.६३ पेक्षा जास्त होतं. दोन्हीपैकी एक निवडा. फोटोही काढायचे असतील तर रिड्यूसर, फक्त बघायचं असेल तर २ इंची डायगोनल.

आयपीसमधून बाहेर पडणाऱ्या प्रकाशाची जाडी इथे ३.२ वरून ५.१ मिमी होते. अंधारात बाहुली पूर्ण उघडत असेल तर उत्तम. उघडत नसेल, किंवा चंद्र बघत असाल, तर मधल्या आरशाची सावली डोळ्यासमोर तरंगताना दिसते.

ग्रह, जोडतारे, चंद्रावरची विवरं यांच्यासाठी रिड्यूसर काढून ठेवा. तिथे बार्लो (नाभीय अंतर वाढवणारं भिंग) लागतो. काढल्यावर दोन्ही बाजूंना टोप्या लावा, आणि दव पडलं असेल तर डब्यात बंद करण्याआधी तो खोलीत उघडा ठेवून पूर्ण कोरडा होऊ द्या. आतल्या काचेवर बुरशी धरली तर ती घरच्या घरी निघत नाही.